केकही आपला, पैसेही आपलेच

जून उजाडला की फ्रान्समधल्या प्राथमिक शाळेच्या फाटकावर एक कागद लागतो आणि त्याचीच प्रत मुलाच्या संपर्कवहीत चिकटवलेली मिळते. अमुक शनिवारी शाळेची 'फेत' आहे, म्हणजे वर्षअखेरचा समारंभ. पालकांनी जमल्यास घरून एखादा केक आणावा, आणि वेळ असेल तर तासभर स्टॉलवर उभं राहावं. तिथे नव्याने राहायला गेलेलं मराठी कुटुंब हौसेने केक करतं, शनिवारी नेऊन टेबलावर ठेवतं. अर्ध्या तासाने पोरगं हात ओढू लागतं, केक हवाय म्हणून. मग आई त्याच टेबलापाशी जाते आणि मघाशी स्वतःच दिलेल्या केकचा तुकडा एक युरो मोजून विकत घेते.

हे जरा विनोदीच वाटतं. त्यातून सरकारी प्राथमिक शाळा फ्रान्समध्ये १८८१ पासून निःशुल्क आहे. झ्यूल फेरी या शिक्षणमंत्र्याने तो कायदा केला आणि पुढच्याच वर्षी शिक्षण सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष केलं. फी नसलेल्या शाळेला केक विकायची वेळ का यावी? दुसरं कोडं कार्यक्रमाचं. आपण गॅदरिंग समजून मुलाला नटवून नेतो, तर तिथे प्रमुख पाहुणे नाहीत, दीपप्रज्वलन नाही, बक्षीस समारंभ तर नाहीच. मुख्याध्यापिका माइकवर चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक गाड्या कुठे लावू नयेत याबद्दल असतं.

ही दोन कोडी वेगळी दिसत असली तरी त्यांचं मूळ जवळजवळ एकच आहे. त्यासाठी आधी शाळेचा खर्च कोण करतं ते पाहावं लागेल.

शाळा नेमकी कोणाची?

सरकारी म्हटलं की आपल्याला एकच सरकार दिसतं. फ्रान्समध्ये प्राथमिक शाळेचे दोन मालक आहेत. शिक्षकांची नेमणूक आणि पगार केंद्र सरकारकडे. इमारत, बाकं, फळे, रंगरंगोटी, हिवाळ्यातली ऊब हे सगळं 'कम्यून'कडे. कम्यून म्हणजे आपली ग्रामपंचायत आणि महापालिका यांना मिळून एकच नाव. पॅरिस हेही कम्यून आणि दीडशे वस्तीचं खेडं हेही कम्यून. देशात अशी सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. प्रत्येक कम्यूनने शाळा चालवावी, ही जबाबदारी १८३३ च्या गिझो कायद्यापासूनची. बालवाडीच्या वर्गात मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधणारी, नाक पुसणारी मदतनीस बाई कम्यूनच्या पगारावर असते, आणि तिच्या शेजारी उभी असलेली शिक्षिका केंद्राच्या.

वह्या, रंग, कागद यांसाठीही कम्यून काही रक्कम देते. पण वर्गाला संग्रहालयात न्यायचं तर बस लागते. नाटक दाखवायचं तर तिकिटं लागतात. इथे एक नियम आडवा येतो: शाळेच्या वेळात होणारी, सगळ्यांना सक्तीची सहल पूर्ण फुकट असली पाहिजे. रात्रीच्या मुक्कामाची सहल ऐच्छिक धरली जाते, तिच्यासाठी पालकांकडे पैसे मागता येतात. मात्र पैसे नाहीत म्हणून कुठलंही मूल मागे राहता कामा नये. ही मुक्कामाची परंपरा तिथे फार लाडकी आहे. १९५३ साली पॅरिसला लागून असलेल्या वाँव्ह गावातला एक वर्ग शिक्षकांसह आल्प्सच्या बर्फात जाऊन राहिला, सकाळी अभ्यास आणि दुपारी स्कीइंग. तेव्हापासून बर्फातला वर्ग, समुद्रकाठचा वर्ग, रानातला वर्ग असे प्रकार रूढ झाले.

सक्तीने मागायचं नाही, कोणाला वगळायचं नाही, आणि बस मात्र पैसे घेतल्याशिवाय हलत नाही. ही फट भरायला दोन थैल्या आहेत.

पहिली थैली शाळेच्या आत असते: सहकारी निधी. पहिल्या महायुद्धानंतर बार्तेलेमी प्रोफी नावाच्या शाळा तपासनिसाने ही कल्पना उचलून धरली. मुलांनी मिळून निधी जमवावा, त्यातून शाळेला लागणाऱ्या वस्तू घ्याव्यात आणि ते करता करता एकत्र कारभार करायला शिकावं, असा त्याचा विचार होता. १९२८ साली या निधींची देशव्यापी संस्थाही निघाली. आजही सप्टेंबरात शाळा सुरू झाली की घरी एक पाकीट येतं. त्यात इच्छेनुसार रक्कम घालायची, किंवा काहीच नाही.

दुसरी थैली शाळेच्या बाहेरची: पालकांची संघटना. ती १९०१ च्या संस्था कायद्याखाली नोंदलेली असते आणि तिचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार पालकांपैकीच असतात. लियोंच्या आसपासच्या भागात या संघटनेला अजूनही 'शाळांचा सू' असं नाव आहे. सू म्हणजे पाच सांतीमचं जुनं नाणं. झाँ मासे याने १८६६ साली लोकशिक्षणासाठी शिक्षण संघ काढला आणि पुढे अज्ञानाविरुद्ध प्रत्येकाने एक सू द्यावा अशी मोहीम चालवली. नाणं चलनातून गेलं, तरी लियोंच्या खेड्यापाड्यांत फेतच्या भित्तिपत्रकावर ते अजून छापलेलं दिसतं.

आपल्याकडच्या सोसायटीच्या गणपतीशी हे सगळं बरंच जुळतं. जागेला परवानगी पालिकेची, वर्गणी ज्याच्या त्याच्या इच्छेची, राबणारे हात सोसायटीतलेच आणि हिशेब खजिनदाराच्या वहीत. देवाला मात्र इथे आमंत्रण नाही.

केकचं गणित

आता तो एक युरो. समजा, केकला चार युरोंचं सामान लागलं आणि त्याचे बारा तुकडे झाले. प्रत्येक तुकडा एक युरोला गेला तर थैलीत बारा युरो पडतात. सामानाचा खर्च घराने सोसलेला असल्यामुळे हे बाराच्या बारा निव्वळ उत्पन्न. शाळेने प्रत्येक घराकडे बारा युरो मागितले असते तर ती आडमार्गाची फी झाली असती, आणि फी मागायचा शाळेला अधिकार नाही. केक ही भेट. तुकडा ही खरेदी. दोन्ही ऐच्छिक. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शाळा फुकटच राहते आणि बसचे पैसेही जमतात. मला ही युक्ती मोठी चतुर वाटते.

तिचा दुसरा गुण असा की तिथे पैशाऐवजी दुसरं काहीही चालतं. ज्याला केक जमत नाही तो तासभर स्टॉल सांभाळतो. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो शुक्रवारी संध्याकाळी येऊन टेबलं उचलतो. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, केशकर्तनालय, पुस्तकाचं दुकान हे सोडतीसाठी बक्षिसं देतात. कोणी घरातली जुनी खेळणी आणून देतो, तीच मुलांना 'गळ टाकून मासा पकडा' या खेळात बक्षीस म्हणून मिळतात आणि मुलं ती परत घरी आणतात. दरवर्षी तोच प्लॅस्टिकचा डायनोसॉर गावात फिरत असल्याचा संशय अनेक पालकांना असतो.

केक कोणता करावा? नवख्याने डोळे मिटून दह्याचा केक करावा. दह्याचा छोटा डबा त्यात घालायचा आणि मग तोच डबा माप म्हणून वापरायचा: दोन डबे साखर, तीन डबे मैदा, अर्धा डबा तेल, तीन अंडी, बेकिंग पावडरची एक पुडी. बालवाडीतली मुलं मोजायला शिकावीत म्हणून वर्गात हाच केक करतात, त्यामुळे तो ओळखीचा असतो आणि हातोहात संपतो. क्रीम, कच्च्या अंड्याचं मूस, मेयोनेझ असलं काही आणू नये असं शाळा सहसा कळवते, कारण जूनच्या उन्हात टेबलावर चार तास पडलेल्या क्रीमचं काय होतं ते सांगायला नको. काय काय घातलं आहे ते चिठ्ठीवर लिहून लावावं; दाण्यांची ॲलर्जी असलेली मुलं असतात. शेंगदाणे घातलेला चिवडा कितीही चांगला झाला असला तरी तो घरीच राहू द्यावा.

खाण्याचा मुख्य अड्डा मात्र शेगडी. तिच्यावर मेर्गेझ, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेलं गोमांसाचं किंवा मेंढीच्या मांसाचं तिखट सॉसेज, आणि शेजारी बहुधा डुकराच्या मांसाचं साधं सॉसेज भाजत असतं. न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं, कोणी वाईट वाटून घेत नाही. शाकाहाऱ्याला बटाट्याचे तळलेले काप मिळतात. क्रेपमध्ये, म्हणजे तिथल्या पातळ धिरड्यात, अंडं असतं.

दुपारी बदलणारी जबाबदारी

एकाच दिवशी, एकाच पटांगणात, प्रत्यक्षात दोन कार्यक्रम होतात, हे बाहेरून आलेल्याच्या लवकर ध्यानात येत नाही. पहिला 'स्पेक्ताक्ल': वर्गावर्गाने नाच आणि गाणी. तो शिक्षक बसवतात. वेशभूषा म्हणजे पांढरा टीशर्ट, जीन्स आणि वर्गात केलेला कागदी मुकुट, बस. भाड्याचे पोशाख आणायचे नाहीत, कारण तो खर्च पुन्हा कोणाच्या तरी घरावर पडेल. सगळी मुलं रंगमंचावर येतात. निवड चाचणी नसते. तीन वर्षांच्या वर्गातली निम्मी मुलं नाचतात, एखादं आईला पाहून रडायला लागतं, एखादं नुसतं उभं राहतं. त्याला टाळ्या जास्त.

दुसरा कार्यक्रम 'केर्मेस', म्हणजे खेळांची जत्रा. ती पालक संघटनेची. डब्यांचा मनोरा चेंडूने पाडायचा 'शांबूल-तू', पोत्यातली शर्यत, प्लॅस्टिकची बदकं गळाने पकडणं, चेहरे रंगवणं.

या दोन्हींच्या मधे एक क्षण येतो, आणि माझ्या मते दिवसभरातली सगळ्यात महत्त्वाची सूचना तेव्हाच होते: 'आता मुलं पालकांच्या जबाबदारीवर आहेत.' पालक टाळ्यांच्या गडबडीत ती ऐकत नाहीत. स्पेक्ताक्ल चालू असताना मूल शिक्षकांच्या ताब्यात असतं, आणि ५ एप्रिल १९३७ च्या कायद्यानुसार शिक्षकाच्या देखरेखीतल्या चुकीची भरपाई शिक्षकाऐवजी राज्यसंस्था देते. नाच संपला, शिक्षिकेने मूल आईच्या हाती दिलं, की ते छत्र मिटलं. तेच पटांगण, तेच फाटक, पण आता मूल फाटकाबाहेर गेलं तर प्रश्न आईवडिलांना विचारला जाईल. शाळेच्या वेळेबाहेर ही जागा वापरू देण्याचा निर्णयही महापौराचा असतो. म्हणून काही शाळांत शिक्षिका प्रत्येक मूल पालकाला नीट सोपवल्याशिवाय रंगमंचाजवळून हलू देत नाहीत. ते ताटकळणं कटकटीचं वाटलं तरी त्याचं कारण हे आहे.

> चौकट: पहिल्यांदाच जाणार असाल तर
> केक सकाळीच पोचवा, डब्यावर नाव लिहा, नाहीतर डबा परत मिळत नाही. स्टॉलसाठी नाव द्यायचं असेल तर आपल्या मुलाचा नाच कधी आहे ते पाहून तास निवडा. सुटे पैसे जवळ ठेवा. शिक्षिकेला आणि ओळख नसलेल्या पालकांना 'व्हू' म्हणजे 'तुम्ही' म्हणा. स्टॉलवर शेजारी उभे राहिलेले पालक बहुधा पाचव्या मिनिटाला 'त्यू'वर, म्हणजे अरेतुरेवर येतात. मोठी बॅग टाळा. टोपी आणि पाणी विसरू नका. पाऊस आला तर सगळे पटांगणाच्या कडेच्या छपराखाली, 'प्रेओ'त जमतात.

बक्षिसं कुठे गेली?

ती पूर्वी होती, आणि मोठ्या थाटात होती. फ्रान्समध्ये वर्षअखेरचा समारंभ म्हणजे कित्येक पिढ्या पारितोषिक वितरण. मंचावर महापौर, अधिकारी, पाहुण्यांचं लांबलचक भाषण, पहिल्या आलेल्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट आणि हातात लाल पुठ्ठ्याचं, सोनेरी कडांचं पुस्तक. समाजवादी नेता झाँ झोरेस ३० जुलै १९०३ रोजी आल्बीच्या विद्यालयात अशाच समारंभाचा पाहुणा होता. पूर्वी तो तिथेच तत्त्वज्ञान शिकवायचा, आता संसद सदस्य झाला होता. तरुणांपुढचं त्याचं ते भाषण, विशेषतः धैर्य कशाला म्हणावं याबद्दलचा भाग, फ्रान्समध्ये आजही वाचला जातो. तारीखही पाहण्यासारखी आहे: तेव्हा शाळा जुलैच्या अखेरपर्यंत भरायची. आता ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिटते, म्हणून फेत जूनमध्ये.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या थाटाबद्दल कुरबुर वाढली. लहान मुलांना सगळ्या गावासमोर क्रमाने उभं करायचं कशाला? १९६८ च्या मे महिन्यातल्या विद्यार्थी उठावानंतर हा प्रकार सरकारी शाळांतून जवळजवळ पुसला गेला. माध्यमिक विद्यार्थ्यांच्या एका जुन्या राष्ट्रीय स्पर्धेची बक्षिसं तेवढी अजून सोरबॉनमध्ये दिली जातात.

पुस्तक मात्र गेलं नाही, फक्त ते आता सगळ्यांना मिळतं. प्राथमिकच्या शेवटच्या वर्गातून, म्हणजे 'सेएम-दो'मधून माध्यमिकला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला अनेक कम्यून शब्दकोश भेट देतात, आणि बऱ्याच गावांत महापौर फेतच्या दिवशी येऊन तो स्वतः वाटतो. २०१८ मध्ये शिक्षण मंत्रालयाने याच वर्गाला सुट्टीत वाचायला ला फोंतेनच्या बोधकथांचं पुस्तक वाटलं, जोआन स्फार या चित्रकाराच्या चित्रांसह. पहिल्या आलेल्याला एक जाड पुस्तक देण्याऐवजी सर्वांना एकेक: पटांगणात सगळ्या मुलांना नाचवणारी आणि केकची सक्ती टाळणारी शाळा इथेही तसंच वागते. हुशार मुलाच्या आईला हे थोडं अळणी वाटतं, हे मी कबूल करते. आपल्याकडे गॅदरिंगची चढाओढ पाहिलेल्या डोळ्यांना त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

सोडत, वाइन आणि गाणी

पटांगणातल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींमागे बरेच जुने कायदे उभे आहेत. सोडत, तिथल्या भाषेत 'तोंबोला', ही खरं म्हणजे लॉटरी, आणि लॉटरीवर फ्रान्समध्ये २१ मे १८३६ पासून बंदी आहे. नफा न कमावणाऱ्या संस्थांना चांगल्या कामासाठी सूट मिळते, तीही महापौराची पूर्वपरवानगी घेऊन. म्हणून मुलं शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिकिटं विकत दारोदार फिरतात तेव्हा कुठेतरी एक सही झालेला अर्ज असतो.

पेयांच्या स्टॉलवर वाइन किंवा बिअर दिसली की मराठी पालक चमकतात. शाळेत दारू? संघटनेला तात्पुरता स्टॉल लावायला महापौर परवानगी देऊ शकतो, वर्षातून पाचदाच, आणि त्यात वाइन, बिअर, सफरचंदाची सीदर चालते, पण व्हिस्की-रमसारखी कडक पेयं नाहीत. अनेक संघटना हा स्टॉल सरबत आणि कॉफीपुरताच ठेवतात. ते बरंच.

गाण्यांचंही शुल्क लागतं. संगीतकारांच्या वतीने ते गोळा करणाऱ्या 'सासेम' या संस्थेचा जन्म १८५१ चा, आणि त्यामागची हकिकत मजेदार आहे. एर्नेस्त बूर्झे नावाचा गीतकार १८४७ मध्ये मित्रांसह पॅरिसच्या आंबासादर नावाच्या कॅफेत बसला असताना तिथे त्यांचीच गाणी वाजू लागली. बिल आलं तेव्हा त्यांनी ते द्यायचं नाकारलं: तुम्ही आमच्या गाण्यांचे पैसे देत नाही, तर आम्ही तुमच्या पेयांचे का द्यावे? प्रकरण कोर्टात गेलं आणि गीतकार जिंकले. तेव्हापासूनची साखळी थेट बालवाडीच्या नाचापर्यंत येऊन पोचते.

खेळांच्या स्टॉलवर रोख पैसे का घेत नाहीत, कुपनंच का लागतात, असाही प्रश्न पडतो. दहा टेबलांवर दहा पालकांनी पैसे हाताळले तर संध्याकाळी हिशेब लागत नाही. एकच गल्ला असला की लागतो. काही शाळा पहिलं कुपनकार्ड प्रत्येक मुलाला फुकट देतात, म्हणजे खिसा रिकामा असलेलं मूलही बदकं पकडतं, आणि ते कार्ड कोणी विकत घेतलं हे कोणाला दिसत नाही.

फाटकावर

पिशवी उघडून दाखवावी लागेल. २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर शाळांभोवतीची सुरक्षा कडक झाली आणि फाटकापाशी गर्दी रेंगाळू नये यावर भर आला. फोटोंचा नियमही आहे: आपल्या मुलाचे हवे तेवढे काढा, पण शेजारच्या मुलाचा चेहरा त्याच्या पालकांना न विचारता समाजमाध्यमांवर टाकू नका. १९ फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने मुलांच्या छायाचित्रांवरचा हक्क जपण्याची जबाबदारी आईवडिलांवर स्पष्ट शब्दांत टाकली आहे. पुण्यातल्या आजीला पाठवायचा व्हिडिओ कुटुंबाच्या गटातच राहिलेला बरा.

साडी नेसून, कुंकू लावून जावं का? जरूर. ठळक धार्मिक खुणांवर बंदी घालणारा २००४ चा कायदा विद्यार्थ्यांसाठी आहे. समारंभ पाहायला आलेल्या आईला तो लागू नाही.

रविवारी सकाळी

खजिनदार घरच्या जेवणाच्या टेबलावर नाण्यांचे ढीग मांडून बसतो. आलेला पैसा पुढच्या वर्षीच्या बसमध्ये, नाटकाच्या तिकिटांत, मुक्कामाची सहल न परवडणाऱ्या घरांच्या मदतीत जातो. या व्यवस्थेची एक खोट आहे, आणि ती गोड केकने झाकली जात नाही. चांगल्या पगाराच्या वस्तीतल्या शाळेचे पालक जास्त तिकिटं घेतात, त्यांच्या ओळखीचे दुकानदार सायकल बक्षीस देतात. दोन थांबे पलीकडच्या वस्तीतल्या शाळेत रफूच्या दुकानाने दिलेली कूपनं असतात. शाळेच्या आत सगळी मुलं सारखी, पण दोन शाळांमधली दरी मिटवायला ही थैली पुरत नाही, कारण ती शाळेशाळेची वेगळी असते.

उरलेली कामं शरद ऋतूत. सप्टेंबर-ऑक्टोबरात संघटनेची वार्षिक सभा भरते, हिशेब वाचला जातो, जुना खजिनदार मुलगा माध्यमिकला गेला म्हणून सुटतो. नव्याचा शोध सुरू होतो आणि सगळ्यांच्या नजरा हळूहळू, जूनमध्ये ज्याने मेर्गेझ न करपवता भाजलं होतं, त्या नवख्या पालकाकडे वळतात.